गोजरामावशींची उन्हावरची घड्याळं

भरे गावात भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीण गोजराबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुज्या मोबाइलमंदी किती वाजल्यात?" पगार किती, लग्न झालंय का, मटण खाता का, हे सगळं नंतर. मी वेळ सांगितली. त्यांनी डाव्या मनगटावरचं भलंमोठं पुरुषी घड्याळ बघितलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "बरं हाय. वरची खोली घे. उजेड लई येतो तितं."

उजेड येतो म्हणे! पावसाळाभर त्या खोलीत माझ्या चपलांना बुरशी चढते, पापड मऊ पडतात आणि ओढणी वाळता वाळत नाही. मी अकोल्याची. आमच्याकडे ऊन नको नको होतं. इथे मुळशीत श्रावणात दोन घटका ऊन पडलं की लोक एकमेकांना हाका मारून सांगतात. दर वर्षी जुलैत मी खोली सोडायची शपथ घेते आणि दर वर्षी तिथेच राहते, कारण खाली गोजरामावशी राहतात.

मावशी साठी ओलांडलेल्या. कासोटा घट्ट, बांगड्या हिरव्या, आणि आवाज असा की त्यांनी खालून हाक मारली तर कानातला हेडफोन काढायची गरज पडत नाही. घरात त्या, त्यांचे यजमान कुशाबा आणि मुलगा शेखर. कुशाबांना सगळा गाव आबा म्हणतो. शेखर पिरंगुटच्या एका कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे तो घरात असतो तेव्हा झोपलेला असतो. वर आम्ही भाडेकरू. आम्हा सगळ्यांची पाण्याची मोटर चालू-बंद करायचं खातं मावशींकडे, म्हणून घड्याळ त्यांना लागतंच. नुसतं लागत नाही, चोख लागतं.

आधी त्यांच्याकडे साधं सेलवरचं घड्याळ होतं. सेल संपला की ते पौडला न्यायला आबांकडे द्यायचं. आबा ते खिशात घालून पौडला जायचे, एसटी स्टँडवर चहा प्यायचे, भेटेल त्याच्याशी भातावरच्या रोगाबद्दल बोलायचे आणि घड्याळ तसंच खिशात घेऊन परत यायचे. वर म्हणायचे, "अगं, येळ बघून करायचं काय? कोंबडा हाय, येष्टी हाय, तुजं त्वांड हाय." महिनोन्‌महिने घड्याळ बंद आणि मावशींचं तोंड सुरू, असा कारभार होता.

मग माझ्या आधी वरच्या खोलीत विलास नावाचा एक इंजिनिअर राहायला आला. त्याच्या हातात सोलरचं घड्याळ होतं. त्याने समजावून सांगितलं, की तबकडीखाली एक पट्टी असते, तिच्यावर उजेड पडला की आतला सेल आपला आपण भरतो.

"म्हंजी उन्हावर चालतंय? भातावानी?" मावशींनी विचारलं.

"भातासारखंच, मावशी. पाणी मात्र नको."

विलासची बदली झाली तेव्हा त्याने ते घड्याळ काढून मावशींच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात घालूनही बांगड्यांवर लोंबायचं. मावशी गावभर सांगत सुटल्या, "आता कुनाचं मिंधं ऱ्हायला नको." त्या घड्याळाचं नाव त्यांनी ठेवलं दादला. पुढे अंडी विकून साठवलेल्या पैशांतून माझ्या मोबाइलवरून एक लहान सोलर घड्याळ मागवलं, त्याचं नाव धाकली. ती निवडताना त्यांनी माझे दोन रविवार खाल्ले. हिची काच कसली, हिचा पट्टा घामानं कुजंल का, हिला ढगात किती दिवस काढता येतात? दुकानदार समोर असता तर पळून गेला असता.

आपण लोणच्याला ऊन दाखवतो, गाद्यांना दाखवतो, डाळींना दाखवतो. मावशी घड्याळांना दाखवतात. ऊन पडलं की सुपात मूठ-दोन मूठ तांदूळ पसरायचे, त्यावर दादला आणि धाकली शेजारी शेजारी ठेवायची, आणि कावळा येऊ नये म्हणून आपण काठी घेऊन बसायचं. फार तापली की पदराची सावली करायची. रविवारी माझ्या लॅपटॉपसमोर दोघांची परीक्षा. "दादला खातो लई, पन अंगात दम हाय. धाकली थोडक्यात भागवती, पन ढग आलं की हिचं त्वांड उतरतं." पोटात उजेड कमी पडला की या घड्याळांचा सेकंदकाटा एकेक घर न जाता दोन-दोन घरांच्या उड्या मारतो. मावशी ते चुलीपासून ओळखतात. "भुकेली हाय गं," म्हणून लगेच खिडकीत नेऊन ठेवतात. दादला किंचित पुढे जातो, धाकली किंचित मागे राहते, आणि मावशी दोघांच्या मधली वेळ धरून मोटर चालवतात. या हिशेबावर मी एकदा हसले, तर दुसऱ्या दिवशी माझ्या नळाला पाणी सगळ्यात शेवटी आलं.

या दोघांशिवाय मावशींचं तिसरंही एक घड्याळ आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्यातून एकदा मावशी फोन घेऊन गच्चीवर येत. लेकीशी बोलायला. लेक साधना, पुण्याच्या पलीकडे लोणी काळभोरला असते, दवाखान्यात नर्स आहे. फोन खालीही लागतो, पण खाली आबा असत. मी कपडे वाळत घालत असायची, तेव्हा बोलणं कानावर पडायचंच. सुरुवात दर वेळी तीच. पलीकडून प्रश्न यायचा आणि मावशी म्हणायच्या, "चालतंय की! हातातच हाय. म्या काढतीया व्हय ते कदी?" मला वाटायचं, धाकलीबद्दल चाललंय.

आबा आणि साधना यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. कारण रस्त्याकडेचं भाताचं खाचर. प्लॉटिंगवाल्याने ते मागितलं होतं, आबांनी चारचौघांत शब्द दिला होता, आणि हक्कसोडीच्या कागदावर लेकीची सही हवी होती. साधना म्हणाली, "मला माझा हिस्सा नको. पण खाचर विकायला मी सही देणार नाही." व्यवहार मोडला. गावात शब्द गेला म्हणून आबांनी लेकीचं नाव टाकलं. आता गंमत बघा. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत तारेची कुंपणं आणि पाट्या उभ्या आहेत, मधोमध हिरवंगार एकटं आबांचं खाचर आहे, आबा दिवसातून दहा वेळा बांधावर जाऊन ते डोळे भरून बघतात, आणि तरी पोरीचं बरोबर होतं एवढे तीन शब्द या माणसाच्या तोंडून निघत नाहीत! मला कधीकधी वाटायचं, धरून गदागदा हलवावं.

इकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. भांडणानंतरच्या पंचमीला शेखर गेला होता. साधनाने दारातच विचारलं, "आबांनी पाठवलंय का?" शेखरला खोटं बोलता आलं नाही. तो चहा पिऊन एकटाच परत आला. त्यानंतर कुणी गेलं नाही. पहिल्याच वर्षी साधनाने आईला कुरिअरने एक सोलर घड्याळ पाठवलं होतं. पंचमीची साडी आईने लेकीला द्यायची, तर लेकीनेच आईला घड्याळ दिलं.

या वर्षी पंचमीच्या आठवडाभर आधी साधनाचा फोन आला. "आई, मी येते. मुराळी नको, काही नको. गौतमीला तुझ्याकडचा झोका बघायचाय. एक दिवस येऊन जाते, पाहुण्यासारखी." गौतमी म्हणजे तिची मुलगी. मावशी फोन ठेवून माझ्या खोलीत आल्या, पलंगावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग एकदम उठून खाली गेल्या. थोड्या वेळाने खालून हाक आली, पण आवाज त्यांचा वाटेना. "जान्हवे, खाली ये गं."

लोखंडी पेटी उघडी होती. मावशींच्या हातात जुन्या खणाचा तुकडा, त्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि पाल्यात एक सुंदर नाजूक घड्याळ. पांढरी तबकडी, तांबूस पट्टा, काचेवर एक ओरखडा नाही. काटे थांबलेले.

"ह्ये साधीचं," त्या म्हणाल्या. "बंद पडलंय."

मी चिडलेच. "मावशी, तुम्ही? दादल्याला ऊन दाखवता, धाकलीला खिडकीत बसवता, आणि हे सात वर्षं अंधारात?"

"अगं, बियाचं भात कुटं उन्हात ठेवत्यात? कडुलिंबाचा पाला घालून अंधारातच ठेवत्यात. निजतंय आपलं. पानी दावलं की उगावतंय. मला वाटलं, ह्ये बी तसंच. काम न्हाई तर भूक कशाची? हातात घातलं असतं, तर दिसागनिक ह्येंच्या डोळ्यांत सललं असतं. आन झिजलं असतं ते. म्या म्हनलं, साधी येईल तवाच घालीन." मग त्यांनी पदराने घड्याळाची काच पुसली. "म्या तिला फोनवर सांगितलं गं, हातातच हाय म्हून. दर खेपंला सांगितलं. आता ती बघंल. तिला वाटंल, आईला बी म्या नकोशी झाले."

माझा राग असा मध्येच पंक्चर होतो.

मग सुरू झाली आमची धावपळ. बाहेर पाऊस असा की समोरचा डोंगर दिसेना. घड्याळ माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली ठेवलं, ट्यूबलाइटजवळ टांगलं, आरशासमोर धरलं. एकदा सेकंदकाटा थरथरला, मावशींनी नवस बोलायला तोंड उघडलं, आणि काटा पुन्हा गप्प झाला. मी ऑफिस बुडवून पौडच्या घड्याळवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "इतकी वर्षं उपाशी आहे. थेट कडक ऊन दाखवा, दिवसभर. नाही उठलं, तर आतला सेल मागवावा लागेल, तो पंचमीपर्यंत येणार नाही." कडक ऊन! मुळशीत, श्रावणात! त्यापेक्षा त्याने चंद्रावरची माती आणायला सांगितली असती, तर मी काहीतरी जुगाड केला असता.

आबा ओसरीवर बसून हे सगळं बघत होते. शेवटी पंचमीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आबा, मावशी जेवत नाहीयेत. तुम्ही काही बोलणार आहात का?"

ते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "ह्या दिसांत पुन्याच्या पल्याड ऊन असतंय का गं?"

"असतं ना. चांदणी चौक ओलांडला की पाऊस विरळ होतो. हडपसरच्या पुढे तर रस्ते कोरडे असतात."

"आसं," असं म्हणून त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि संभाषण संपलं. मी पाय आपटत वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा आक्रोश ऐकून सगळे भाडेकरू जिन्यात जमले. खिडकीत ठेवलेलं साधनाचं घड्याळ गायब. कावळ्याने नेलं, माकडाने नेलं, समोरच्या खोलीतल्या मुलांनी नेलं, सगळे संशय घेऊन झाले. आबांना विचारावं, तर आबाही नाहीत. छत्री नाही, चांगला सदरा नाही, टोपी नाही. मोबाइल मात्र खुंटीच्या पिशवीत वाजतोय. "खताचं बघायला पौडला गेलं असत्याल," मावशी म्हणाल्या, आणि दिवसभर घड्याळासाठी पेटीतलं एकेक लुगडं झटकत बसल्या. त्या दिवशी मोटर चालू करायची त्या विसरल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी पाऊस जरा उघडला होता. दारात रिक्षा थांबली. आधी छत्री उतरली, मग आबा. त्यांच्या कडेवर लाल फ्रॉकमधली एक मुलगी होती, तिने आबांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली होती. आणि मागून साधना उतरली. हुबेहूब मावशींचं नाक.

मावशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकायचं सुचेना, पाणी द्यायचं सुचेना. त्यांनी पहिल्यांदा लेकीकडे बघितलं, मग आबांकडे, आणि म्हणाल्या, "कुटं गेलं हुतासा?"

"ऊन बघाया," आबा म्हणाले आणि मोरीकडे पाय धुवायला गेले.

पुढची हकिकत साधनाने सांगितली. ती सकाळच्या पाळीला दवाखान्यात होती. शेजारणीचा फोन आला, की तुमच्या गच्चीवर एक म्हातारबाबा घड्याळ राखत बसलेत, कोण हवंय विचारलं तर 'ऊन हाय तवर बसू द्या' म्हणतात. साधना धावत घरी आली. गच्चीवर आबा कठड्याला टेकून बसलेले, स्वतः छत्रीखाली, आणि पुढे रुमालावर उन्हात घड्याळ. ती समोर उभी राहिली तरी त्यांनी वर बघितलं नाही. घड्याळाकडेच बघत म्हणाले, "उड्या मारतुया बघ काटा. भुकेला हाय अजून. जरा बस." मग ती बसली. दोघं ऊन उतरेपर्यंत बसले. शेवटी आबा म्हणाले, "बॅग भर. म्या मुराळी म्हून आलोय."

हे सांगताना साधना हसत होती. मावशी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. साधनाने पर्समधून घड्याळ काढलं. काटा टिकटिक एकेक घर चालत होता. तिने दादला उतरवून ठेवला. इतकी वर्षं त्याच्याखाली राहिलेला मावशींच्या मनगटावरचा रुंद गोरा पट्टा उघडा पडला. त्यावर तिने ते नाजूक घड्याळ बांधलं. मावशींची मान खाली.

"साधे," त्या कशाबशा म्हणाल्या, "म्या तुला फोनवर..."

"राहू दे, आई. आबांनी सांगितलंय सगळं. त्यांनीच रागाने तुझ्या हातातून काढून पेटीत टाकलं होतं म्हणे. आणि त्यांचं नाव येऊ नये म्हणून तू मला 'हातातच आहे' सांगत होतीस."

मावशींनी झटकन आबांकडे बघितलं. आबा ओसरीच्या खांबाला टेकून, अंगणातल्या डबक्याकडे बघत होते. आयुष्यात या माणसाने दुसऱ्याचा दोष कधी अंगावर घेतला नव्हता; स्वतःचा घ्यायलाच सात वर्षं लागली होती. मला माहीत होतं की हे खोटं आहे, मावशींना माहीत होतं, आणि दोघींनी तोंडं मिटून घेतली. मावशींच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं.

"आबा," साधना म्हणाली.

"काय?"

"पट्ट्याच्या बकलात हे अडकलं होतं. गच्चीवरच बघितलं मी." तिने तळहात पुढे केला. त्यावर कडुलिंबाचं एक वाळकं पान होतं. "रागाने टाकलेल्या घड्याळाला कडुलिंबाचा पाला कोण घालतं हो?"

मग आबांच्या मिशीत काहीतरी हललं. ते हसू होतं, हे कळायला मला वेळ लागला, कारण मी ते आधी बघितलंच नव्हतं. साधनाने ते पान आईच्या तळहातावर ठेवलं, तिची मूठ मिटवली आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून ती लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. उगाच खोटं कशाला सांगू?

आबांना हे असलं फार वेळ सोसत नाही. ते उठले, कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "खाचरात पानी लई साचलं आसंल. बघून येतो."

"मी पण येते," साधना डोळे पुसत उठली.

आबा थांबले. तिच्याकडे पूर्ण वळून बघितलं. "चिखूल हाय," म्हणाले, आणि मग दुसरीकडे बघत, "तुज्यामुळंच ऱ्हायलंय ते. चल."

दोघं बापलेक अंगण ओलांडून निघाले. मागून मावशींचा तो नेहमीचा आवाज परत आला, आणि वरच्या सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघडल्या. "अवो, सैपाक व्हतोय! किती येळ लावाल?"

आबा मागे न वळताच ओरडले, "तू बघ की घड्याळात!"